दोष शेताचा की बियाण्याचा?

वाचकहो, आपल्या भाषेत एक उपमा फार जुन्या काळापासून घर करून बसली आहे. पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र, अर्थात शेत. ही उपमा ऐकायला मोठी गोड वाटते. शेतकऱ्यांच्या देशात ती सुचावी यात नवलही नाही. पण तिचा परिणाम काय झाला तो पाहा. लग्नाला चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, तर बोट शेताकडे जाते. उपासतापास सून करते, नवस सासू बोलते, अंगारे-धुपारे सुनेच्याच कपाळी लागतात. आणि एवढ्यानेही कूस उजवली नाही, तर पूर्वी मुलाचे दुसरे लग्न लावून देत. म्हणजे शेत बदलायचे, बियाणे मात्र तेच!

आता आपला साधा शेतकरी घ्या. पेरले ते उगवले नाही, तर तो एकट्या जमिनीला शिव्या देत बसतो का? मुळीच नाही. शहाणा शेतकरी पेरणीआधीच शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि त्यातले किती उगवले ते पाहतो. ज्वारीच्या बियाण्याबाबत जी सावधगिरी आपण शेकडो वर्षे पाळली, ती घरातल्या प्रश्नाबाबत का पाळली नाही? मी इतिहासाचा माणूस आहे, दवाखान्याचा नव्हे. म्हणून औषधोपचार सांगणे माझे काम नाही. पुरुषाच्या जननेंद्रियांसंबंधीचे ज्ञान माणसाला कसे, किती उशिरा आणि किती अडखळत मिळाले, एवढेच मला सांगावयाचे आहे. कारण या उशिराची किंमत दुसऱ्याच कुणी तरी चुकती केली आहे.

सुरुवात आपल्याकडूनच करू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि क्षेत्र यांचा खल आहे. अपत्य कुणाचे, बीज ज्याचे त्याचे की शेत ज्याचे त्याचे, असा तो धर्मशास्त्रातला वाद आहे, आणि तेथे एकंदरीत बीजालाच मोठेपण दिलेले आहे. पण आपल्या वैद्यांची दृष्टी याहून व्यापक होती. सुश्रुतसंहितेत गर्भधारणेला चार गोष्टी लागतात असे सांगितले आहे : ऋतू, क्षेत्र, अंबू म्हणजे पाणी आणि बीज. चारांपैकी एकही बिघडली तर पीक येणार नाही. चरकसंहितेत तर स्त्रीच्या विकारांच्या बरोबरीने शुक्राचे आठ दोष गणले आहेत. म्हणजे पुरुषाकडेही उणे असू शकते, ही गोष्ट आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होती. घराघरांत मात्र त्या चारांपैकी एकच गोष्ट लक्षात राहिली, क्षेत्र! बाकीच्या तिघांचा विसर पडला. हा विसर सोयीचा होता, हे वेगळे सांगायला नको.

मात्र हे शुक्र शरीरात कोठे तयार होते, याचा उलगडा त्यांनाही झाला नव्हता. दुधात जसे तूप, उसात जसा रस, तसे शुक्र सर्व शरीरात भरून राहिलेले असते अशी आयुर्वेदाची कल्पना. ग्रीसमध्येही काही वैद्य असेच मानीत, की बीज शरीराच्या सर्व भागांतून गोळा होऊन येते.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेलेला ॲरिस्टॉटल याच्याशी सहमत नव्हता. त्याने कितीतरी प्राणी स्वतः उघडून पाहिले होते. पण गंमत पाहा, वृषणांचे काम काय, याविषयी एवढा मोठा पंडित साफ चुकला. मागावर काम करताना धागे ताठ राहावेत म्हणून ग्रीक स्त्रिया धाग्यांना दगडाची वजने टांगीत. वृषण म्हणजे तशीच वजने, आतल्या नळ्या ताणून धरण्यापुरती, असे त्याचे मत. आणि गर्भ कसा धरतो? तर दुधाला विरजण लागून ते घट्ट व्हावे, तसा. दूध, म्हणजे द्रव्य, आईचे. विरजण बापाचे. सुतार लाकडाला आकार देतो, पण सुताराच्या अंगाचा तुकडा काही लाकडात जात नाही. तसा पुरुष केवळ आकार आणि चेतना देतो, असे त्याने मांडले. द्रव्य हलके, आकार श्रेष्ठ. म्हणजे मान सारा सुताराचा आणि काही बिघडले तर लाकूड वाईट! मनूच्या देशात आणि ॲरिस्टॉटलच्या देशात शब्द निराळे होते, पण हिशेब एकच निघत होता.

पुढची जवळजवळ दोन हजार वर्षे युरोपात याच मताचा पगडा राहिला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला गॅलेन हा वैद्य स्त्रीलाही बीज असते असे म्हणाला खरा. पण स्त्रीची इंद्रिये म्हणजे पुरुषाचीच इंद्रिये, उष्णता कमी पडल्याने आत राहिलेली, अशी पुस्तीही त्याने जोडली.

हा पगडा ढिला झाला तो हॉलंडमध्ये, सतराव्या शतकात. डेल्फ्ट या टुमदार गावात रेनियर द ग्राफ नावाचा एक तरुण डॉक्टर होता. १६६८ मध्ये, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आल्यावर दोन वर्षांनी, त्याने पुरुषाच्या जननेंद्रियांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वृषण म्हणजे नुसता मांसाचा गोळा अशी तोपर्यंतची समजूत होती. द ग्राफने दाखवले, की वृषण म्हणजे अतिशय बारीक नळ्यांचे गुंडाळे आहे. उंदरासारख्या एका लहान प्राण्याच्या वृषणातल्या या नळ्या त्याने लोकरीचा गुंडा उकलावा तशा उकलून दाखवल्या.

आज आपल्याला ठाऊक आहे, की माणसाच्या वृषणांतल्या या नळ्या एकापुढे एक ठेवल्या तर शेकडो मीटर लांब होतील. या नळ्यांच्या भिंतींत पुरुषबीजे तयार होतात. एक बीज तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तेथून ती वृषणाच्या पाठीवर बसलेल्या अधिवृषणात जातात. ही एकच वेटोळलेली नळी, सरळ केली तर सुमारे सहा मीटर भरते. तिच्यातून हळूहळू सरकताना बीज पोहायला शिकते, असे म्हटले तरी चालेल. पुढे शुक्रवाहिनीतून जाताना त्यात निरनिराळ्या ग्रंथींचे रस मिसळतात, आणि मग जे तयार होते त्याला आपण वीर्य किंवा रेत म्हणतो. एकूण रेतात प्रत्यक्ष बीजांचा वाटा शंभरात जेमतेम दोन ते पाच भाग. बाकी सारा रस. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आणखी एक प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. इतके नाजूक इंद्रिय निसर्गाने पोटाच्या आत सुरक्षित न ठेवता बाहेर का टांगले? कारण शरीराच्या उष्णतेत हे काम नीट चालत नाही. वृषणांना दोन ते चार अंश थंड जागा लागते. एखाद्याला मोठा ताप येऊन गेला, तर त्या वेळी घडत असलेली बीजे बिघडू शकतात आणि त्याचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो. ॲरिस्टॉटलने ज्यांना मागाची वजने ठरवले, तो असा अहोरात्र चालणारा कारखाना निघाला.

द ग्राफ १६७३ मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारला. पण मरण्यापूर्वी काही महिने त्याने एक मोठे काम केले. त्याच डेल्फ्ट गावात अँटनी व्हॅन लेव्हेनहूक नावाचा एक कापडदुकानदार राहत होता. कापडाचे सूत तपासायला दुकानदार भिंगे वापरीत. या गृहस्थाला भिंगे घासण्याचा छंद जडला, आणि त्याने अशी काही भिंगे बनवली, की तशी युरोपात दुसऱ्या कुणाजवळ नव्हती. त्याला लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. अशा माणसाची ओळख द ग्राफने पत्र लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला करून दिली.

१६७७ साली लायडनचा हाम नावाचा एक वैद्यकाचा विद्यार्थी लेव्हेनहूककडे आला. प्रमेहाच्या एका रोग्याच्या रेतात आपल्याला शेपटीवाले जिवंत प्राणी दिसले, असे त्याने सांगितले. हामला वाटले, ते रोगामुळेच झाले असतील. लेव्हेनहूकने मग निरोगी माणसाचे, म्हणजे स्वतःचेच, रेत तपासले. तेथेही तेच! हजारो सूक्ष्म जीव शेपटी वळवळवीत पाण्यातल्या ईलमाशांसारखे पोहत होते. आज आपण त्यांना शुक्रजंतू किंवा शुक्राणू म्हणतो. एकाची लांबी मिलिमीटरचा विसावा भाग. वीस जण एकापुढे एक उभे राहिले तर कोठे मिलिमीटरभर रांग होईल.

पण खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना लिहिलेले पत्र. हे रेत मी कोणत्याही पापकर्माने मिळवलेले नाही, संसारातल्या रीतसर व्यवहारातलेच ते आहे, असा खुलासा त्याने केला. आणि हा मजकूर विद्वानांना किळसवाणा किंवा अनुचित वाटला तर तो प्रसिद्ध करू नये, अशी विनंतीही केली. जगातला एवढा मोठा शोध लाजत-लाजत, माफी मागत दारातून आत आला. सोसायटीने तो पुढे लॅटिनमध्ये छापला, म्हणजे सामान्य माणसाला कळू नये याची आपोआपच सोय झाली.

आता कुणालाही वाटेल, की शुक्रजंतू दिसले, म्हणजे प्रश्न सुटला. पण इतिहास असा सरळ रस्त्याने चालत नाही. दिसणे निराळे आणि उमगणे निराळे. शुक्रजंतू दिसले १६७७ मध्ये. त्यांचे काम निर्विवाद सिद्ध झाले १८७६ च्या सुमारास. मध्ये दोनशे वर्षे गेली! ही दोनशे वर्षे कशात गेली?

पहिली अडचण ती जुनी उपमाच. बीज म्हणजे काय? आंब्याच्या कोयीत अख्खे झाड लपलेले असते, तसे बापाच्या बीजात अख्खे मूल असणार, असे लोकांनी धरून चालले. १६९४ मध्ये निकोलास हार्टसूकर नावाच्या डच शास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात एक चित्र दिले. शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक चिमुकला माणूस! आपण तो प्रत्यक्ष पाहिला, असे हार्टसूकर म्हणाला नव्हता. नीट दिसू शकले तर कदाचित असे दिसेल, एवढेच त्याचे म्हणणे होते. पण चित्राची छाप शब्दांहून खोल बसते. १६९९ मध्ये तर प्लांताद नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने टोपणनावाने लिहून, आपण शुक्रजंतूची कात निघताना पाहिली आणि आतून माणूस बाहेर आला, अशी थापच ठोकून दिली. ती थट्टा होती, पण कित्येकांनी ती खरी मानली. अशा मताप्रमाणे आई म्हणजे काय? तर मूल वाढवायची कुंडी.

त्याच १६९४ साली जर्मनीत आणखी एक गोष्ट घडली होती, पण ती वनस्पतींच्या खात्यात जमा झाली. कामेरारियुस नावाच्या प्राध्यापकाने प्रयोगाने दाखवले, की फुलातला पराग नसेल तर बी धरतच नाही. नरफुले काढून टाकली तर बी भरत नाही. म्हणजे झाडांत नराचे दान हे बी नव्हे, पराग आहे. बी ही नर आणि मादी दोघांची मिळून तयार झालेली पुढची अवस्था आहे. हीच गोष्ट त्या वेळी माणसाला लावून पाहिली असती तर! पण उपमा जुनी झाली की ती तपासून पाहायची असते, हेच माणसाला सुचत नाही.

दुसरी अडचण उलट बाजूची. काही विद्वान म्हणू लागले, की मूल आईच्या अंड्यातच घडलेले असते आणि शुक्रजंतू म्हणजे आतड्यातल्या जंतांसारखे रेतात राहणारे बांडगूळ. या पक्षाचा मोठा माणूस म्हणजे इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठाचा स्पालान्झानी. हा स्वतः पाद्री होता, पण त्याच्याइतका खटपट्या प्रयोगकर्ता विरळा. बेडकांत नर मादीच्या पाठीवर बसतो आणि मादी पाण्यात अंडी टाकते. स्पालान्झानीने काय करावे? नर बेडकांना चक्क तलम कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या! चड्डीतले बेडूक माद्यांपाशी नेहमीप्रमाणे वागले, पण एकही अंडे फळले नाही. मग चड्डीत साचलेले थेंब त्याने अंड्यांना लावले, तर पिल्ले झाली. १७८० च्या सुमारास त्याने एका कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने रेत सोडले, आणि बासष्टाव्या दिवशी तिला तीन पिल्ले झाली. रेताशिवाय गर्भ नाही, हे त्याने असे पक्के केले.

त्याने रेत कागदातून गाळूनही पाहिले. जितके जास्त कागद, तितकी गाळीव रसाची शक्ती कमी. आणि कागदावर राहिलेला गाळ मात्र गुणकारी. म्हणजे उत्तर त्याच्या हातात आले होते. पण शुक्रजंतू म्हणजे जंत, हे मत डोक्यात इतके घट्ट होते, की काम रसाचेच आहे, असे त्याने लिहून ठेवले. १८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्युमा या दोघा तरुणांनी जिनिव्हात तोच प्रयोग पुन्हा काटेकोरपणे केला आणि सांगितले, की शक्ती रसात नाही, शुक्रजंतूंत आहे. तरीही १८२७ मध्ये, ज्याने सस्तन प्राण्यांतील मादीचे बीज प्रथम पाहिले त्या फॉन बेअरनेच, शुक्रजंतूंची गणना बांडगुळांत केली. पुढे १८४१ मध्ये केलिकर याने दाखवले, की ते बाहेरून आलेले जंत नव्हेत, वृषणातल्या पेशींतूनच जन्मतात.

शेवटचा पडदा उघडला तो समुद्रकाठी. ऑस्कर हेर्टविख या जर्मन शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रातल्या सागरी अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्याची अंडी घेतली. ती काचेसारखी पारदर्शक असतात. नराचे आणि मादीचे केंद्रक एकमेकांजवळ सरकून एकजीव होताना त्याने पाहिले आणि १८७६ मध्ये ते प्रसिद्ध केले. लगेच हेर्मान फोल याने शुक्रजंतू अंड्यात शिरताना प्रत्यक्ष पाहिला. एक आत गेला, की इतरांना वाट बंद होते. १८८३ मध्ये बेल्जियमच्या व्हॅन बेनेडेनने घोड्याच्या जंतावर हिशेब पुरा केला : गर्भाच्या पहिल्या पेशीत जी गुणसूत्रे असतात, त्यांतली निम्मी बापाची आणि निम्मी आईची. अगदी निम्मी-निम्मी! बीज आणि शेत, सुतार आणि लाकूड, दूध आणि विरजण, या साऱ्या उपमांचा त्या दिवशी निकाल लागला. दोन सारखे भागीदार, एवढेच खरे उरले.

हे ज्ञान आता तरी घराघरांत पोचले असेल, असे तुम्ही म्हणाल. त्याचा एक दाखला देतो. १८८४ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एक सधन व्यापारी आणि त्याची पत्नी मूल होत नाही म्हणून डॉ. विल्यम पॅनकोस्ट या प्राध्यापकाकडे गेली. रिवाजाप्रमाणे तपासणी झाली ती आधी बाईंची. तीत काही दोष निघेना. मग पतीचे रेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यात एकही शुक्रजंतू नाही! तरुणपणी झालेल्या प्रमेहाने त्याची वाट बंद झाली होती. उपचार करून गुण आला नाही. तेव्हा डॉक्टरांनी त्या बाईंना तपासणीच्या निमित्ताने क्लोरोफॉर्म देऊन, विद्यार्थ्यांच्या देखत, त्यांच्यातल्याच एकाचे रेत तिच्या गर्भाशयात सोडले. बाईंना विचारले नाही, नंतर सांगितलेही नाही. पतीला मागाहून सांगितले, तेव्हा त्याने एवढेच म्हटले, की हे माझ्या पत्नीला कळू देऊ नका. बाईंना मुलगा झाला. ही हकीकत बाहेर आली ती १९०९ मध्ये, तेव्हा हजर असलेल्या एका विद्यार्थ्याने छापली म्हणून.

वाचकहो, या गोष्टीवर जरा थांबा. विज्ञानाने दोष कुणाचा ते निर्विवाद सांगितले होते. तरी ते सत्य जिच्या शरीराशी त्याचा संबंध, तिच्यापासूनच लपवले गेले. म्हणजे अडचण फक्त अज्ञानाची नव्हती. पुरुषाच्या मानाची होती.

मूल होत नाही ही एक तक्रार. मुलगीच होते ही दुसरी. तीतही बोट बाईकडेच. याचे उत्तर १९०५ मध्ये मिळाले, आणि ते देणाऱ्यांत एक बाई होती हा योग मोठा सुरेख. अमेरिकेत ब्रिन मॉर येथील महिला महाविद्यालयात नेटी स्टीव्हन्स नावाच्या संशोधिका होत्या. आधी शाळेत शिकवून पैसे साठवले आणि चाळिशीनंतर डॉक्टरेट मिळवली. पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी तपासताना त्यांना दिसले, की मादीच्या पेशीत वीस गुणसूत्रे सारखी मोठी, तर नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान. नराची निम्मी बीजे मोठे गुणसूत्र घेऊन जातात, निम्मी लहान. मोठे मिळाले तर मादी, लहान मिळाले तर नर. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे असेच निष्कर्ष काढले. माणसातही हेच घडते. आईकडून प्रत्येक वेळी एक्स गुणसूत्रच येते. बापाकडून कधी एक्स, कधी वाय. मुलगा की मुलगी, हे बापाच्या शुक्रजंतूवर ठरते.

म्हणून आता बापाला दोष द्यायचा का? छे, छे! नाणे उडवल्यावर छाप पडला की काटा, यात उडवणाऱ्याचा काय दोष? पण मुलगी झाली म्हणून सुनेला घालूनपाडून बोलणाऱ्या घरात ही गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी, असे मला नेहमी वाटते. कारण हे बोलणे निव्वळ बोलण्यावर थांबले नाही. गर्भाचे लिंग आधी कळण्याचे तंत्र आले, तसा त्याचा दुरुपयोग सुरू झाला. त्याला आळा घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९४६ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ राहिल्या. ज्ञान १९०५ चे. आणि वागणूक मात्र त्याआधीची.

ज्ञान घरात पोचावे म्हणून आपल्याकडे कुणी धडपडलेच नाही, असे नाही. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले. त्या पायी त्यांची नोकरी गेली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, ते १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत. या विषयावर शुद्ध, सरळ मराठीत लिहिणे हाच त्यांचा अपराध ठरला. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ मधल्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोकांना शंका असतात, त्यांना उत्तर दिल्याशिवाय ज्ञान कसे वाढेल, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला. डेल्फ्टच्या दुकानदाराला जी धास्ती १६७७ मध्ये वाटली, तिचीच शिक्षा अडीचशे वर्षांनी मुंबईतल्या एका गणिताच्या प्राध्यापकाला भोगावी लागली.

आणि आज? बोलीतले शब्दच तपासा. बाईसाठी 'वांझ' हा शब्द दगडासारखा तयार असतो. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात तसा शब्द जवळजवळ नाही. 'नपुंसक' म्हणतात, पण त्याचा अर्थ निराळा. पुष्कळांची गफलत होते ती येथेच. शरीरसंबंधाची शक्ती ही एक गोष्ट आणि रेतात शुक्रजंतू असणे ही दुसरी. पहिली धडधाकट असून दुसरी नसू शकते. मघाशी ध्यानात ठेवा म्हटले ते आठवते ना? रेतात बीजांचा वाटा शंभरात दोन ते पाच भागच. ते नसले तरी नुसत्या डोळ्यांना काही फरक कळत नाही. पिळदार शरीर, भारदस्त मिशा, घुमणारा आवाज, यांतले काहीही त्याची खात्री देत नाही. ती देते ती सूक्ष्मदर्शकाची काच.

ही तपासणी साधी आहे, स्वस्त आहे, तीत कापाकापी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमागे एक कोटी साठ लाख शुक्रजंतू ही खालची संदर्भ-मर्यादा दिली आहे. त्याहून कमी निघाले म्हणजे सारे संपले असेही नव्हे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे काही ना काही कारण असते, एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाबरोबर. तारुण्यात झालेले गालगुंड वृषणात उतरलेले असते, वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतात, कोठे वाट बंद झालेली असते. यांतल्या कित्येकांवर उपाय आहेत. १९७८ मध्ये इंग्लंडात काचपात्रात फलन करून पहिले मूल जन्माला आले. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी त्या पद्धतीची मुलगी जन्मली. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी तर एकच शुक्रजंतू सुईने बीजांडात सोडून मुले झाल्याचे प्रसिद्ध केले. जेथे कोट्यवधी लागत, तेथे एक पुरला.

पण हे सारे केव्हा? तपासणीला गेले तर! आजही कित्येक घरांत सुनेच्या तपासण्यांची जाडजूड फाईल तयार होते, दुर्बिणीतून होते, औषधे होतात, वर्षे निघून जातात. आणि मुलाने तपासून घ्यावे असे कुणी म्हटले, की घरात शांतता पसरते. त्या शांततेला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, हे मी तुम्हाला आज सांगितले. इतिहास आहे म्हणून ती योग्य ठरत नाही.

तेव्हा एक सुचवतो. उपमा टाकून देणे माणसाला जड जाते, ती बदलणे सोपे. बापाचे दान म्हणजे बीज नव्हे, पराग म्हणा. कामेरारियुसने १६९४ मध्ये वनस्पतींत जे दाखवले, तेच माणसातही खरे आहे. कणसात दाणे भरले नाहीत, तर आपण तुराही पाहतो आणि कणीसही पाहतो. तसेच घरातही व्हावे. पुढच्या वेळी शेजारीपाजारी कुणाचा पाळणा हलत नाही असा विषय निघाला, तर 'तिने कुणाला दाखवलं का?' असे विचारू नका. 'दोघांनी दाखवलं का?' असे विचारा. एका शब्दाचाच फरक आहे. पण तो शब्द सापडायला माणसाला फार वेळ लागला.